ते तथागत नाहीत, आणि तो बांबूही नाही

आत्याने साडेसात हजार भरून मूर्ती मागवली, ती व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या या मजकुरामुळे: ‘चिनी भिक्खूंनी ५०० वर्षांपूर्वी बांबूच्या मुळातून कोरलेले तथागत. रोज पोट चोळा, धनलाभ होईल. बांबूला कीड लागत नाही. हात लागेल तशी मूर्ती लाल होत जाते.’ आता ती बाबासाहेबांच्या फोटोशेजारी बसली आहे. गप्प बसवत नाही.

आधी पोटाचं. खांद्यावर झोळी, उघडं पोट, तोंडभर हसू, हा बूदाय. नावाचा अर्थच ‘कापडी झोळी’. झेजियांग प्रांतातल्या फंगह्वाचा, दहाव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेला भटका भिक्खू. चिनी लोक त्याला मैत्रेयाचा, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचा अवतार मानतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही. पण तथागतांच्या नावावर ‘पोट चोळा, पैसा येईल’ खपवायचं? १९५६ साली आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि नवससायास उंबऱ्याबाहेर टाकले. त्यांच्याच लेकीच्या घरात ते पुन्हा शिरले, तेही बुद्धाचं नाव लावून. याचा मला खरा संताप आहे.

भिक्खूंनी कोरलं म्हणे! या कलेचं मोठं केंद्र शांघायजवळचं ज्यादिंग. मिंग राजवटीत (चौदावं ते सतरावं शतक) तिथे झू घराण्यात आजोबा, मुलगा, नातू अशा तीन पिढ्या कोरत होत्या. जिन युआनयू यांनी अशा कारागिरांची चरित्रं ‘झुरेन लू’ या पुस्तकात नोंदवली, १८०७ च्या सुमारास. बांबूच्या मुळातून अर्हत, म्हणजे निर्वाणाला पोचलेले भिक्खू, कोरण्यात नावाजलेला फंग शीलू त्याच ज्यादिंगचा. संसारी, हातावर कला असलेली माणसं ही.

कीड लागत नाही हे तर कोकणातलं पोरही मानणार नाही. बांबूत पिठूळ अंश असतो, भुंगेरा त्यावरच येतो. म्हणून तर कोरण्याआधी बांबू उकळून घेतात.

लाल होण्याचं मात्र खरं आहे. वर्षानुवर्षं हाताळलेला बांबू तांबूस होतो, चकाकतो. एवढं मान्य.

पण आत्या, तुझी मूर्ती मी उलटी करून पाहिली. खऱ्या मुळाच्या कापावर तंतूंचे बारीक ठिपके दिसतात, अंगावर तुटलेल्या मुळांचे वण असतात. तुझ्या मूर्तीचा तळ काचेसारखा गुळगुळीत, त्यात हवेच्या बुडबुड्याचं भोक, आणि कानामागून खांद्यापर्यंत साच्याची रेघ. परत पाठवायची मुदत शनिवारपर्यंत आहे. मी शुक्रवारी येतो, खोकं फेकू नकोस.