साताऱ्यात अँटेनावर फुकट डिजिटल टीव्ही बघायचाय? लावा की मग

पहिली गोष्ट म्हणजे घाबरायचं नाही. साताऱ्यात राहून गच्चीवरच्या अँटेनावर डिजिटल टीव्ही बघणार म्हटलं की मेव्हणा हळूच विचारणार, पगार वेळेवर होतोय ना दाजी, आणि बायको नुसतीच बघणार, पण आपण ठाम राहायचं. तुमच्याकडं जे आहे ते सगळ्या गावांकडं नसतंय. डोक्यावर अजिंक्यतारा आहे आणि अजिंक्यताऱ्यावर दूरदर्शनचा मनोरा आहे. पोवई नाक्यावरून दिसतो, राजवाड्यावरून दिसतो, नवीन पाहुण्याला गड कुठला ते सांगायचं तर आपण किल्ला दाखवत नाही, तो मनोराच दाखवतो. मनोरा दिसतोय म्हणजे सिग्नल येणारच, सरळ हिशोब आहे. मनोऱ्यातून काही निघतंय का असं कुणी विचारलं तर तो माणूस निगेटिव्ह आहे, त्याच्याशी वाद घालत बसू नका.

आता अँटेना. जुना पोटमाळ्यावर असला तर बघा, पण नसणार. त्याची एक काडी आईनं पडद्याला घातलेली असते, एक पोरांनी तलवार म्हणून मोडलेली असते आणि राहिलेला सांगाडा भंगारवाल्यानं किलोवर नेलेला असतो. त्यामुळं नवीन घ्या, तोही ऑनलाइनच घ्या, कारण तिथं अँटेना ४के असतो. ८के पण असतो, दीडशे रुपये जास्त. वास्तविक काडीला के-बी काही कळत नाही, तिला फक्त लांबी कळते. ५०० मेगाहर्ट्झची लहर ६० सेंटीमीटरची, म्हणून मधली काडी साधारण ३० सेंटीमीटर, आणि जुनं दूरदर्शन २०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालायचं तिथं लहर दीड मीटरची, म्हणून ते जुने अँटेना पैलवानासारखे हात पसरून उभे असायचे. पण हे ज्ञान दुकानात पाजळू नका. खोक्यावर ८के लिहिलंय ना, मग विषय संपला.

त्याच खोक्यावर रेंज ३०० किलोमीटर असंही लिहिलेलं असतंय. आपला गड पायथ्यापासून साधारण ३०० मीटर उंच. एवढ्या उंचीवरून मध्ये एकही डोंगर नाही असं धरलं तरी सत्तरेक किलोमीटरला पृथ्वीचा गोलावा आडवा येतो, आणि आपल्याकडं मध्ये डोंगर नाही अशी दिशा तुम्ही दाखवा, मी मोती चौकातले कंदी पेढे देतो. परळी-ठोसेघरकडच्या लोकांना हे मी सांगायची गरज नाही, त्यांचं अर्धं आयुष्य डोंगराच्या सावलीत गेलंय. पण ३०० लिहिलंय तर ३०० धरायचं, पृथ्वीला सेलमध्ये सवलत असेल.

मग गच्ची. अँटेना बसवायला रविवार सकाळ घ्या आणि खाली टीव्हीपुढं कुणालातरी बसवा. हा कार्यक्रम एकट्यानं करायचा नसतोच. वर एकानं पाइप फिरवायचा, खिडकीत एकानं निरोप्या व्हायचं आणि टीव्हीपुढं एकानं ओरडायचं, अशी आपली जुनी तीन टप्प्यांची दळणवळण यंत्रणा होती आणि तिला कधी रिचार्ज लागला नाही. "आलं का?" "आलं... आलं... गेलं! हितंच थांब!" आणि वरचा माणूस जिथं थांबायला सांगितलंय तिथं एका पायावर थांबायचा, कारण हात सोडला की मुंग्या यायच्या. आमच्या घरी चुलतभाऊ एकदा अख्खा मॅचचा शेवट पाइप धरून उभा होता. मॅच जिंकलेली त्याला आम्ही वर जाऊन सांगितली.

काड्या आडव्या ठेवा, छोट्या काड्यांचं टोक गडाकडं करा. वायर घेताना दुकानदार विचारेल चपटी का गोल, तर गोल म्हणायचं, चपटी ३०० ओमची पट्टी आता संग्रहालयात मिळंल. तो बूस्टर पण देईल. घ्या. नको म्हणू नका, त्याचंही पोट आहे. बूस्टरचं काम म्हणजे आलेला सिग्नल वाढवायचा, सोबत कचराही वाढवायचा, आणि काहीच आलेलं नसेल तर त्या काहीच नाहीला वीसपट करायचं. लाल लाइट मात्र लागते. घरच्यांना दाखवायला काहीतरी पाहिजेच की.

सगळं लावून झालं की टीव्हीच्या मेनूत जावा, अँटेना निवडा, ऑटो स्कॅन दाबा आणि चहा टाका. स्कॅन बघत बसायला मला मनापासून आवडतं. पट्टी पुढं सरकत असते, टक्के वाढत असतात, चहाला उकळी येते, आणि शंभर टक्क्याला स्क्रीनवर येतं, ॲनालॉग ०, डिजिटल ०. शंभर टक्के शोधून शून्य सापडायला सुद्धा नशीब लागतंय. खाली विचारतो, पुन्हा शोधायचं? हो दाबा.

इथून पुढं तुम्हाला कॉलनी मदत करणार आहे. आपल्याकडं माणूस गच्चीवर अर्ध्या तासाच्या वर दिसला की आजूबाजूच्या गच्च्यांवर सल्लागार उगवतात. एक जण म्हणतो पाइप आणखी पाच फूट घे. एक म्हणतो गडाकडं नको, यवतेश्वराकडं कर, डोंगरावर आपटून येतंय. (हे अगदीच खुळ्यागत नाही बरं का, जुन्या टीव्हीत बातमीदारीण बाईंच्या शेजारी त्यांचीच फिकी सावली दिसायची ती अशाच आपटून उशिरा आलेल्या सिग्नलची, ३०० मीटर जास्त फिरून आला की एक मायक्रोसेकंद उशीर.) तिसरे एक रिटायर काका, ते थेट विचारतात, "आरं, पण चालू हाय का ते?" ह्यांचं ऐकायचं नाही असं मी वर म्हटलंच आहे. तरी पण काका वयानं मोठे असतात आणि कट्ट्यावर बसून पेपर वाचतात, म्हणून त्यांचं म्हणणं इथं नोंदवून ठेवतो.

तर काकांचं म्हणणं असं. १९८२ ला एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला, १९८४ ला तर सरकारनं धडाका लावला, काही महिने देशात रोज एक ट्रान्समीटर. गावोगाव टेकडीवर मनोरे झाले आणि खाली कौलांवर अँटेनांचं पीक आलं. पुढं जग डिजिटल झालं, मग दूरदर्शननंही फेब्रुवारी २०१६ मध्ये डीव्हीबी-टी२ नावाची डिजिटल सेवा १६ शहरांत चालू केली, एका लहरीवर चार-पाच चॅनेल, डोंगल लावलं तर मोबाइलवर सुद्धा. महाराष्ट्रातली त्यात दोनच, मुंबई आणि औरंगाबाद. सातारा नाही, सांगली नाही, कोल्हापूर नाही. म्हणजे आपण वाट बघायची होती. आपण बघितली. आणि मग ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झालं की ॲनालॉग तंत्रज्ञान जुनाट झालं, मोक्याच्या पन्नासेक जागा सोडून बाकीचे ॲनालॉग ट्रान्समीटर ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करणार, विजेचा खर्च वाचणार आणि लहरी ५जीच्या कामाला येणार.

यात वाईट वाटून घ्यायचं नाही. जुनं बंद केलं आणि नवं तुमच्याकडं आणलं नाही, याला संक्रमण म्हणतात. एसटी बंद केली आणि रेल्वेचा सर्व्हे चालू आहे असं समजा, आपल्याला सवय आहे. शिवाय हवेतून फुकट येणारी, बिल नसलेली, डब्बा नसलेली, नाव-पत्ता न विचारणारी गोष्ट फार काळ चालू ठेवणं बरं दिसत नाही. माणूस लाडावतो. रिचार्ज संपल्याचा मेसेज आला की कसं आपण जिवंत असल्याची कुणीतरी दखल घेतल्यासारखं वाटतं.

आणि समजा उद्या साताऱ्याला डिजिटल आलंच, तरी तुम्हाला जमणार आहे का ते? जुना सिग्नल मवाळ होता. कमी पडला तर मुंग्या यायच्या, आवाज खरखरायचा, शेजारचा मिक्सर चालू झाला की आडव्या रेघा, पण माणूस दिसायचा, आणि मुंग्यांमधूनच बॅट्समन आउट झाला का नाही ते ओळखणारी जाणकार मंडळी घराघरांत होती. डिजिटलचं तसं नसतंय. तो येतो तेव्हा आरशासारखा येतो, जरा कमी झाला की चेहऱ्याचे चौकोन होतात, अजून जरा कमी झाला की थेट काळं. जुन्यात भांडत-भांडत संसार व्हायचा, ह्यात एकदम नोटीस. त्यातून कुणी हौशानं स्वस्तात म्हणून जुनं डीव्हीबी-टीचं डोंगल मागवलेलं असतं, त्याला टी२ कळतच नाही. नावात फरक एका आकड्याचाच आहे पण दोघांची बोली वेगळी, टाळगावच्या म्हाताऱ्याला कॉल सेंटरचा फोन आल्यागत.

तरी निराश व्हायचं कारण नाही कारण आता नवीन येतंय. डायरेक्ट टू मोबाइल. जानेवारी २०२४ मध्ये सांगितलंय, १९ शहरांत चाचण्या होणार, आयआयटी कानपूरनं त्यावर काम केलंय, सिम नको, इंटरनेट नको, मनोऱ्यातून सिग्नल निघणार तो थेट तुमच्या फोनमध्ये. फक्त फोनमध्ये त्याची चिप पाहिजे, ती तुमच्या फोनमध्ये नाही. आणि लहरी कुठल्या राखून ठेवायच्या म्हणताहेत, तर ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झ, म्हणजे जिथं टीव्हीच असायचा त्याच. मला हे लय आवडलं. भिंतीवर बसवलेल्या ४३ इंची टीव्हीला मनोऱ्यातून सिग्नल देणं जुनाट, आणि तोच मनोऱ्यातून खिशातल्या सहा इंचाला देणं म्हणजे क्रांती. तेव्हा अँटेना टाकून देऊ नका, फोनला बांधता येतो का बघू.

काका आणखी एक सांगतात, ते मात्र चोरून ऐका. दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री लाव म्हणतात. एकदाच काय तो खर्च, महिन्याचं बिल नाही, २००४ पासून चालू आहे. तोंड आग्नेयेला करायचं, साधारण साठ अंश वर, तिथं ९३.५ अंश पूर्वेला जीसॅट-१५ बसलाय. सह्याद्री वाहिनी येते. जुन्या एमपीईजी-२ पद्धतीचा सेट-टॉप डबा असला तर सगळे चॅनेल दिसत नाहीत, आणि जुलैत पाऊस धो-धो लागला की काही काळ काहीच दिसत नाही, पण येते. आता ह्यात अपमान कुठं आहे तो बघा. घरापासून दोन-तीन किलोमीटरवर, रोज सकाळी लोक चालत जाऊन येतात अशा गडावर मनोरा उभा आहे, त्यातून माझ्या टीव्हीवर काही येत नाही, आणि ३६,००० किलोमीटरवरून सात वाजताच्या बातम्या स्वच्छ येतात. मॉर्निंग वॉकला गेलात की मनोऱ्याखाली उभं राहून हे जरूर आठवा, पण मोठ्यानं बोलू नका, तिथं सेल्फीवाली पोरं असतात.

मी स्वतः छत्रीच्या विरोधात होतो. तत्त्वाचा प्रश्न होता. म्हणून त्या रविवारी छत्रीची वायर काढून टीव्हीला अँटेनाची लावली, चार वेळा स्कॅन केलं, पाइप पाच फूट वाढवला, यवतेश्वराकडं फिरवला, परत गडाकडं फिरवला, एक वानर येऊन पाइपावर बसलं आणि त्यानं जी दिशा दिली ती सुद्धा स्कॅन करून बघितली. अंधार पडायला लागला तसा खालून आईचा आवाज आला.

"झालं का रं तुझं?"

"थांब की, आणखी एक स्कॅन."

"सात वाजायला आल्यात. ती छत्रीची वायर लाव आधी, आन वर हाईस तर त्या दांडीवरचा माझा टॉवेल घिऊन ये."

बघितलं तर खरंच होता. पिवळा, चिमट्यासकट, सगळ्यात पुढच्या काडीवर. सकाळपासून.