वर्कबेंचच्या पायांचा खटका घासू नका

“वर्कबेंचचे घडीचे पाय कडक झाले? पाच मिनिटांत लोण्यासारखे चालतील!” पावसाळा संपल्यापासून हा मजकूर आमच्या किनारपट्टीवरच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतो आहे. त्यात पाच उपाय दिलेत: खटका (उघडलेला पाय अडकवून धरणारी कळ) कानशीने घासा, सांध्यात रॉकेल टाकून तापवा, खोबरेल तेल सोडा, स्टेनलेसचे बोल्ट बसवा आणि बेंच छपराखाली ठेवा म्हणजे पुन्हा गंज धरणार नाही. मी वाचून सोडून दिलं असतं. पण देवगडच्या माझ्या मावसभावाने पहिला उपाय करून टाकला आणि वर व्हिडिओ पाठवला, “दादा, बघ, आता कसे पटापट उघडतत!”

उघडणारच. आणि तो वर फळी कापत असताना मिटणारही तसेच.

पाय पूर्ण उघडला की स्प्रिंगच्या जोरावर खटका खाचेत बसतो. त्याची कड चौकोनी ठेवलेली असते ती याचसाठी की धक्का बसला तरी तो खाचेतून घसरू नये. बेंचवर नुसतं वजन ठेवलं तर बराचसा भार पायातून सरळ जमिनीत जातो. रंधा मारताना किंवा कटर पुढे ढकलताना मात्र जोर आडवा येतो, आणि तो आडवा जोर खटकाच अडवतो. कड गोल केली की खटका त्याच जोराने वर सरकतो. आता आंब्याच्या पेट्यांसाठी फळ्या कापताना एक पाय आत गेला असं समजा. फळी खचते, चालू ब्लेड तिच्यात आवळलं जातं आणि मशीन उसळून माणसाच्या अंगावर येतं. हात जायला तेवढं पुरे. घासलेलं लोखंड परत येत नाही. ज्यांनी घासलं असेल त्यांनी त्याच मापाचा नवा खटका आणि स्प्रिंग बसवावी, तोवर त्या बेंचवर कसलंही मशीन चालवू नये. भावालाही मी हेच सांगितलं, जरा मोठ्या आवाजात.

मुळात दुखणं बहुतेक वेळा खटक्यात नसतंच, ते पाय ज्या खिळीवर फिरतो त्या रिव्हेटपाशी असतं. लोखंड गंजलं की मूळ धातूच्या कितीतरी पट जागा घेतं. रिव्हेटने जोडलेल्या दोन पट्ट्यांमधली फट केसाएवढी. ती गंजाने भरली की पाय आवळला जातो. खटका घासून ती फट मोकळी कशी होणार?

“छपराखाली ठेवा, गंज धरणार नाही” हा दावा तर आमच्याकडे उलटाच पडतो. हवा धातूला किती खाते याचे वर्ग आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात दिले आहेत, सी१ पासून सी५ पर्यंत आणि त्याच्याही वर सीएक्स. सी५ मध्ये साधं पोलाद पहिल्या वर्षातच ८० ते २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झिजतं, आणि या वर्गाच्या उदाहरणांत किनाऱ्यावरच्या आडोशाच्या जागाही आहेत. कारण सोपं आहे. उघड्यावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, पडवीतलं तिथेच साचत राहतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. छप्पर हवंच, पण छपराने खारं वारं थांबत नाही.

रॉकेल टाकून तापवण्याबद्दल फार लिहायची गरज पडू नये. रॉकेल पेट घेतं, नायलॉनचे वॉशर वितळतात, स्प्रिंगचा ताण जातो आणि जस्ताचा मुलामा असेल तर त्याच्या धुराने ताप भरतो.

खोबरेल तेलाने पाय चालतात, हे खरं आहे. चारदोन दिवस चालतात. मग त्यात भुसा बसतो, तेल चिकट होतं आणि थंडीत पारा २४ अंशांच्या खाली गेला की गोठतं. स्टेनलेसचे बोल्ट लोखंडी पायांना चांगले, हेही मान्य. पण पाय अॅल्युमिनियमचे असतील तर खाऱ्या ओलीत स्टेनलेसला लागून असलेलं अॅल्युमिनियमच आधी खाल्लं जातं, पांढरी भुकटी दिसते ती त्याचीच. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि बुश (बोल्टवर चढवायची नळी) घातल्याशिवाय ते बोल्ट लावू नका.

मग करायचं काय? आधी बेंच सपाट जागी उलटं ठेवा. चिऱ्यांच्या वरखाली अंगणात चौकट पिळली जाते आणि धडधाकट पायही अडकतात. कित्येकदा दुखणं एवढंच असतं. तरीही कडक असेल तर सांधे विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवा, मीठ गेल्याशिवाय पुढचं सगळं वाया. उन्हात वाळवा, वायर ब्रशने गंज काढा. मग डब्ल्यूडी-४० मारून पाय सावकाश मागेपुढे करा, हातोडी नको. हा फवारा १९५३ मध्ये सॅन डिएगोत ओल हटवण्यासाठी तयार झाला होता. त्यामुळे सुटं करायला तो उत्तम, पण त्याचा थर पातळ असतो आणि आपल्या हवेत तेवढ्यावर भागत नाही. तो पुसून सांध्याच्या आत थोडं पाण्याला टिकणारं ग्रीस भरा. बाहेर आलेलं ग्रीस फडक्याने पुसून घ्या, नाहीतर भुसा धरेल. खटक्याला ग्रीस लावू नका, तो फक्त स्वच्छ आणि कोरडा ठेवा. पाय उघडल्यावर तो खाचेत पूर्ण बसलाय का हे डोळ्यांनी पाहा आणि बेंच आडवं ढकलून बघा, मगच मशीनचा प्लग लावा.