सीडी६९ दिसला म्हणजे पेशीने विषाणू ओळखलाच का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

वेळ काढून सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचा आक्षेप असा: टी-पेशीवर (रोगप्रतिकारक पांढऱ्या रक्तपेशीवर) सीडी६९ किंवा सीडी२५ हा पृष्ठभागावरचा रेणू, म्हणजे मार्कर, दिसला म्हणजे ती सक्रिय झाली, पुण्यातल्या कॉलेजांत वर्षानुवर्षं हेच शिकवतात, आणि मी मध्येच सायटोकाइन (पेशी एकमेकींना संदेश द्यायला सोडतात ती प्रथिनं) आणून मुलांचा गोंधळ उडवते.

टी-पेशीवरच्या सीडी३ आणि सीडी२८ या रेणूंना चिकटून तिला जागं करणाऱ्या प्रतिपिंडांचे सूक्ष्म मणी घातले की काही तासांत सीडी६९ येतो, सीडी२५ला साधारण दिवस लागतो, एचएलए-डीआर हा मार्कर त्याहून उशिरा. इथपर्यंत आपलं दुमत नाही. पण सीडी२५चंच बघा. तो इंटरल्यूकिन-२ या सायटोकाइनच्या रिसेप्टरचा (त्याला पकडणाऱ्या रेणूचा) भाग. पेशी स्वतः इंटरल्यूकिन-२ सोडते, ते तिच्याच रिसेप्टरवर बसतं आणि पेशीतल्या स्टॅट५ या प्रथिनामार्फत सीडी२५ आणखी वाढवतं. इंटरल्यूकिन-२ला अडवणारं प्रतिपिंड घाला: मणी तेवढेच, पेशी त्याच, तरी सीडी२५ तितका चढत नाही. मग सायटोमीटरच्या (पेशींवरचे मार्कर मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखात उजवीकडे सरकलेला उंचवटा, म्हणजे वाढलेला मार्कर, फक्त मण्यांचा कसा म्हणायचा?

टीजीएफ-बीटा या सायटोकाइनचंही तेच. मण्यांसोबत तो दिला तर सीडी८ प्रकारच्या टी-पेशींवर सीडी१०३ वाढतो. हा रेणू अस्तराच्या पेशींवरच्या ई-कॅडहेरिनला धरतो, म्हणून आतड्याच्या अस्तरात या पेशी टिकून राहतात.

‘नुसत्या सायटोकाइनने मार्कर हलत नाहीत’ हे तुमचं वाक्य मात्र मला अजिबात मान्य नाही. विश्रांतीतल्या टी-पेशींना फक्त इंटरल्यूकिन-७ द्या, त्यांच्यावरचा सीडी१२७, म्हणजे त्याच सायटोकाइनचा रिसेप्टर, कमी होतो. टाइप १ इंटरफेरॉन हे सायटोकाइन तर अँटिजेन (टी-पेशी ओळखते तो विषाणूसारख्याचा अंश) न दाखवताही सीडी६९ वर आणतं. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण येतात, आणि विषाणूच्या तापात हे इंटरफेरॉन शरीरात तयार होतंच. अशा रक्तातली सीडी६९ असलेली प्रत्येक पेशी डेंग्यूलाच ओळखून जागी झाली, असं विद्यार्थ्याने लिहिलं तर तुम्ही पूर्ण गुण द्याल? मी नाही देणार.

पुणे विद्यापीठाच्या आवारातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. आपली मुलं उद्या अशा ठिकाणी काम करणार, म्हणून मी हे इतकं लावून धरते. पुढच्या प्रात्यक्षिकाला चार नळ्या लावा: एकीत नुसत्या पेशी, दुसरीत फक्त इंटरफेरॉन, तिसरीत मणी, चौथीत मणी आणि इंटरल्यूकिन-२ रोखणारं प्रतिपिंड. दुसऱ्या दिवशी सीडी६९ आणि सीडी२५ दोन्ही मोजा, आणि आलेख आधी मुलांना वाचू द्या.