‘स्पॅनिश सोपी असते गं’ म्हणणारे आता कुठे गेले?

जर्मन नको, तिथे लिंगांचा घोळ. फ्रेंच नको, अर्धी अक्षरं नुसती लिहायची, बोलायची नाहीत. तू स्पॅनिश घे. स्पॅनिश सोपी. लिहितात तशी बोलतात. हा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला समोर बसवून ‘इर’ हे एक क्रियापद सगळ्या काळांत चालवून घ्यायची माझी फार इच्छा आहे. चहा मिळणार नाही.

इर म्हणजे जाणे. दुसरी कुठलीही भाषा शिका, जाणे-येणे पहिल्या आठवड्यात लागतं. ‘इर’कारान्ती क्रियापदांचा सरळ नियम आधी शिकवलेला असतो: बिबिर म्हणजे राहणे, त्याचं बिबो, बिबेस, बिबे. छान. म्हणजे इरचंही असंच काहीतरी होईल ना? होत नाही. बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान. यात इर कुठे आहे ते मला दाखवा. मूळ धातूचं नखसुद्धा शिल्लक नाही. आणि हे सगळं लिहायचं ‘व्ही’ने आणि बोलायचं ‘ब’ने. लिहितात तशी बोलतात म्हणे!

बरं, ब तर ब. मी ब पाठ केला. तर साध्या भूतकाळात फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुइस्तेइस, फुएरोन. ब पण गेला. मग दुसरा भूतकाळ, ‘जायचो, जात होतो’वाला: इबा, इबास, इबा, इबामोस, इबाइस, इबान. या काळात अख्ख्या स्पॅनिशमध्ये फक्त तीन क्रियापदं नियम मोडतात. असणे, पाहणे आणि जाणे. म्हणजे हजारो क्रियापदं शहाण्यासारखी वागतात तिथेही ही बया आहेच. भविष्यकाळात मात्र एकदम साळसूद: इरे, इरास, इरा. तिथे मूळ इर जसाच्या तसा परत हजर. आणि ‘जात असताना’साठी येन्दो! जाण्याचं रूप, सुरुवात ‘ये’ने. मराठी माणसाची चेष्टा करायलाच ठेवलंय जसं काही.

कारण विचारलं तर शिक्षक म्हणतात, अनियमित आहे, पाठ करा. अहो, दहावीला संस्कृतमध्ये धातू चालवून मार्क मिळवलेली बाई आहे मी, पाठ करायला घाबरत नाही. पण का, ते तरी सांगा. शेवटी माझं मीच शोधलं. स्पॅनिश जिच्यापासून झाली त्या लॅटिनमध्ये जाण्याचं क्रियापद होतं ईरे. त्याची काही रूपं इतकी तोकडी की बोलताना ऐकूही येऊ नयेत. मग लोकांनी वर्तमानकाळासाठी वादेरे नावाचं दुसरंच क्रियापद वापरायला घेतलं, त्याचं बोय-बास-बा झालं. आणि साध्या भूतकाळासाठी थेट ‘असणे’च्या घरात शिरून त्याचं फुई उचललं. तीन जुनी लुगडी जोडून शिवलेली गोधडी आहे ही, आणि परीक्षेत विचारतात एकाच अंगाचं कापड म्हणून.

आता या उचलेगिरीचा परिणाम बघा. फुए म्हणजे ‘गेला’ आणि फुए म्हणजेच ‘होता’. साध्या भूतकाळात सेर (म्हणजे असणे) आणि इर यांची सहाच्या सहा रूपं तंतोतंत एक. ‘फुई मेदिको’ म्हणजे मी डॉक्टर होते. ‘फुई आल मेदिको’ म्हणजे मी डॉक्टरकडे गेले. मधलं एवढंसं ‘आल’ ऐकू आलं नाही तर पेशंटची डॉक्टर झाली. ‘क्येन फुए?’ म्हणजे कोण गेलं, की कोण होतं ते? संदर्भावरून कळतं, म्हणे. कळतं ना, ज्यांच्या आईने त्यांना स्पॅनिशमधून भरवलंय त्यांना कळतं.

आमचे क्लायंट मेक्सिको सिटीतले. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आमचे रात्रीचे साडेआठ. परवा कॉलवर तिकडचा माणूस म्हणाला, ‘से फुए ला लुस.’ ला लुस म्हणजे प्रकाश, वीज. आमच्या टीममधल्या नव्या पोराने इमानदारीत तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, लिहिलं: प्रकाश होता. आणि सर्व्हर बंद का, याचा शोध सुरू केला. अरे, लाईट गेली म्हणतोय तो! शब्दाला शब्द आपलीच म्हण आहे, ‘लाईट गेली’. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला याहून ओळखीचं वाक्य जगात नसेल. पण त्या फुएने ते असं काही सोंग घेऊन आणलं की पोराला आपलंच वाक्य ओळखू येईना. पोराला मी एक शब्द बोलले नाही. रागवायचं तर त्या फुएवर.

आज्ञार्थ तर ऐकूच नका. ‘तू जा’ला म्हणायचं ‘बे’. ‘तू बघ’लाही ‘बे’. ‘तो बघतो’, पुन्हा बे. बे एके बे, बे दुणे बे, बे त्रिक बे! ‘चला’ म्हणायचं तर बामोस, म्हणजे वर्तमानकाळातलं ‘आपण जातो’ तेच. पण ‘नको जाऊया’ म्हणताना बामोस चालत नाही, तिथे बायामोस. का? ‘आपण’च्या आज्ञार्थात हो म्हणताना एक आणि नाही म्हणताना दुसरं, हे लफडं एकट्या याच क्रियापदात. आणि ‘तुम्ही जा’ला बाया. तोच बाया आश्चर्य वाटल्यावर ‘अरे वा!’ म्हणूनही ओरडायचा. क्लासमध्ये पहिल्यांदा बाया-बाया चालू झालं तेव्हा मागचे बाक हसत होते. आता कोणी हसत नाही.

इच्छार्थी भूतकाळ आला आणि माझा उरलासुरला धीर सुटला. ‘समजा, मी गेले तर’साठी फुएरा. पर्यायी रूप फुएसे. दोन्ही बरोबर, पुस्तकात छापलंय. मग ज्या ॲपवर आम्हाला गृहपाठ देतात तिथे फुएसे टाकलं की लाल फुली का येते? मेल केला, तर ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’. त्यात फुएरा म्हणजे ‘बाहेर’ पण, आणि कोणाला हाकलताना ‘चालते व्हा!’ पण. एव्हाना मी तो शब्द तिसऱ्याच अर्थाने वापरायला लागलेय. मागच्या कोष्टकात अजून एक काळ आहे, फुएरे, जो हल्ली कायद्याच्या कागदांत आणि म्हणींतच उरलाय. ‘देश तसा वेश’ या अर्थाची त्यांची म्हण आहे: जिथे जाशील तिथे जे बघशील ते कर. त्यातही इर आणि बेर (म्हणजे बघणे), दोघंही त्याच मेलेल्या काळात.

आणि हे सगळं स्पेनमधल्या ‘बोसोत्रोस’सकट, म्हणजे मित्रमंडळींना म्हणायच्या ‘तुम्ही’सकट. बाइस, फुइस्तेइस, इबाइस, फुएराइस. मेक्सिकोत रोजच्या बोलण्यात हे कोणीही म्हणत नाही, तिथे मित्रांच्या घोळक्यालाही ‘उस्तेदेस’, म्हणजे स्पेनमधलं आदराचं ‘तुम्ही’. मला स्पेनला जायचं नाही. मला साडेआठच्या कॉलमध्ये तिकीट बंद करायचंय. पण पुस्तक स्पेनचं, म्हणून परीक्षा स्पेनची. बरं, खुद्द स्पेनमध्ये तरी लोक पुस्तकाप्रमाणे बोलतात का? ‘तुम्ही निघा’ला पुस्तकी रूप इदोस. रस्त्यावर सगळे म्हणायचे इरोस. 1713 साली स्थापन झालेल्या त्यांच्या भाषेच्या शाही अकादमीने शेवटी 2017 साली इरोसही चालेल म्हणून मान्य केलं. त्यांचं चुकलं की भाषा समृद्ध होते. माझं चुकलं की अर्धा मार्क जातो.

यावर कोणीतरी ज्ञानी माणूस येणार आणि म्हणणार, अगं, मराठीत तरी काय वेगळं आहे, जातो-गेला-जाईल आहेच की. आहे ना. पण त्यासाठी मी फी भरली नव्हती, आणि ‘मराठी सोपी असते हो’ म्हणून कोणाला फशी पाडलेलं नाही. दुसरे ज्ञानी सांगतात की फार वापरातली क्रियापदंच अनियमित राहतात, कारण ती रोज तोंडात असतात आणि जुनं रूप विसरायला वेळच मिळत नाही. पटतं. म्हणजे जे सगळ्यात जास्त लागतं तेच सगळ्यात वाईट. याउलट ‘तुइतेआर’ घ्या, ट्विट करणे. 2014 च्या अकादमीच्या कोशात आलं, सगळ्या काळांत गाईसारखं नियमाने चालतं. 2023 मध्ये ट्विटरचं नावसुद्धा बदललं, पण क्रियापद नियमित!

आणि पुढच्या तासाला आन्दार आहे. चालणे. वर्तमानकाळ सरळ, म्हणून बरं वाटलं होतं. भूतकाळ बघितला तर आन्दुबे, आन्दुबिस्ते, आन्दुबो. स्पॅनिश मातृभाषा असलेले लोकसुद्धा इथे गडबडून ‘आन्दे’ म्हणतात आणि ते चूक धरतात. वर अर्जेंटिनात ‘तू जा’ म्हणायला इरचं रूपच नाही, तिथे या आन्दारचं ‘आन्दा’ उसनं घेतात. म्हणजे तीन लुगडी पुरली नाहीत, चौथं आणलं! ते सोपी म्हणणारे कोण होते, त्यांचे नंबर आहेत माझ्याकडे. सोमवारी तोंडी परीक्षा आहे, रविवारी रात्री एकेकाला फोन लावणार आहे.