हेल्दी साइज

पुतणीच्या साखरपुड्यासाठी कुर्ता हवा होता. दुकानातल्या पोराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माळ्याकडे बघून आरोळी ठोकली, "हेल्दीमधले टाक रे चार-पाच!" वरून गठ्ठा आदळला. नेव्ही ब्लू, काळा, चॉकलेटी. मोरपंखी न् राणी रंग आमच्या मापात शिवायचेच नाहीत, असा बहुधा ठराव झालाय.

शेजारच्या स्टुलावर एक काकू पिशव्या सांभाळत बसल्या होत्या. माझा चेहरा बघून त्या धीर द्यायला सरसावल्या.

"वाईट नका वाटून घेऊ. आमच्या नणंदबाई अश्शाच होत्या. तुमच्याहून जरा जास्तच हेल्दी."

"होत्या?"

"गेल्या बिचाऱ्या पौषात."

"अरेरे. कशाने हो?"

"शुगर होती, बीपी होतं, गुडघे तर कधीचेच कामातून गेलेले. त्यात हार्टचं निघालं." काकूंनी सुस्कारा सोडला. "पण शेवटपर्यंत हेल्दी हो! खांदेकरी अजून नाव काढतात."

आमच्या डॉक्टरांनी हे विशेषण मला आजवर एकदाही लावलेलं नाही. भारतीय माणसाचा बीएमआय 23 झाला की त्यांच्या लेखी वजन जास्त, 25 पासून सरळ लठ्ठ. उलट मागे टायफॉइडने पार चिपाड झाले, तेव्हा सोसायटीतल्या बायका हळहळल्या, "किती छान हेल्दी होतीस गं!" तोंडावर जाड म्हणवत नाही, म्हणून इंग्रजीत म्हणायचं. इंग्रजीत टोचत नाही असं यांना कुणी सांगितलं?

2024 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना बजावलं, की बोर्नव्हिटा वगैरे 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात अशा पेयाची व्याख्याच नाही. दुधात घालायच्या पावडरीसाठी मंत्रालय हलतं. मला कुणीही उठून हेल्दी म्हणावं!

बिलात दोनशे रुपये जास्त लावले होते.

"डबल एक्सेलच्या पुढे कापड जास्त लागतं, मॅडम."

"मग स्मॉल आणि एक्सेल एकाच भावात कसे? त्या काडीला कापड कमी लागतं, तिला सूट देता?"

पोरगा कॅल्क्युलेटर पुसत बसला. काकू मात्र तत्पर. "अहो, दोनशेच देताय तर आणखी एक साइज मोठा घ्या ना. दिवाळीपर्यंत लागेलच."