प्रतिक्रियेला उत्तर : कुठे उतरायचं हे कोण ठरवतं?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि चिडून लिहिलेली आहे. दोन ओळींत आभार मानून ती निकालात काढणं बरोबर वाटलं नाही, म्हणून हे वेगळं उत्तर.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बस-ट्रेनमध्ये जीव घाबरा होतो त्याबद्दलच्या लेखात मी लिहिलं होतं, "घाबरल्याक्षणी पुढच्या स्टॉपला उतरू नका." हा सल्ला निर्दय आहे, असं तुमचं म्हणणं. तुम्ही तो पाळून पाहिलात. ऐन गर्दीच्या वेळी ट्रेनमध्ये शेवटपर्यंत उभ्या राहिलात, भीती तसूभरही कमी झाली नाही आणि घरी पोचल्यावर अंगात त्राण उरलं नाही. दीर्घ श्वास घेतलेत तर उलट चक्करच आली. पाण्याची बाटली, हेडफोन, दाराजवळची जागा यांना मी 'टेकू' म्हटलं, ते तुम्हाला लागलं. बाईमाणसाला गर्दीची वाटणारी भीती खरी असते याकडे मी डोळेझाक केली, असाही आरोप आहे. आणि शेवटी, ज्याला परवडतं त्याने सरळ टॅक्सी करावी, एवढा आटापिटा कशाला?

गर्दीचं आधी, कारण तिथे आपला वादच नाही. कुणी मुद्दाम खेटत असेल, मागे लागलं असेल, डब्यात हाणामारी चालली असेल, तर उतरा, डबा बदला, ओरडा. तिथे थांबून काही शिकायचं नसतं. मी लिहिलं ते दुसऱ्या भीतीबद्दल, जिच्याकडे बोट दाखवून 'हे बघा कारण' असं सांगता येत नाही. दार बंद होतं, गाडी दोन स्टेशनांच्या मध्येच थांबते, आणि आता आपल्याला काहीतरी होणार असं वाटू लागतं. एकाच प्रवासात दोन्ही भीती असू शकतात. म्हणूनच त्यांना एका मापाने मोजू नये.

टॅक्सीचा मुद्दा पैशांचा नाहीच. ट्रेन टाळली की त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं, आणि हे सुटल्यासारखं वाटणंच पुढच्या वेळी टाळायला लावतं. मग सिग्नलला अडकलेली टॅक्सीही बंद डब्यासारखी वाटायला लागते, मग पूल, मग रांग. बर्लिनचे डॉक्टर कार्ल वेस्टफाल यांनी 1871 मध्ये अशा पसरत जाणाऱ्या भीतीच्या विकाराला अगोराफोबिया हे नाव दिलं ते मोकळे चौक ओलांडताना घाबरणाऱ्या रुग्णांवरून. आज या विकाराच्या यादीत चौक मागे पडलेत. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ संघटनेच्या 2013 च्या निदानपुस्तिकेत, डीएसएम-5 मध्ये, पाच प्रसंग दिलेत आणि त्यात पहिलाच आहे सार्वजनिक वाहनाचा. बाकीचे म्हणजे मोकळ्या जागा, बंद जागा, गर्दी किंवा रांग, आणि घराबाहेर एकटं असणं. यातल्या किमान दोन प्रसंगांची भीती साधारण सहा महिने किंवा जास्त टिकली आणि तिने रोजचं जगणं अडवलं, तर निदानाचा विचार होतो. एकाच गोष्टीवर न थांबणं हा या भीतीचा स्वभाव आहे, हे त्या 'किमान दोन'मध्येच दिसतं.

आता तुमच्या त्या प्रवासाकडे येते, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

भीती उतरेपर्यंत थांबा, असं मी लिहिलेलं नाही. पुष्कळ जण तसा सल्ला देतात आणि पूर्वी उपचारांतही त्यावरच भर असे. म्हणजे भीती वर जाईल, खाली येईल, खाली आली की जिंकलात. मग ती खाली नाही आली तर? माणूस तुमच्यासारखा घरी येतो आणि म्हणतो, मी नापास. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडलेला दृष्टिकोन मला जास्त पटतो. त्या वेळी भीती किती ओसरली, याला तिथे फारसं महत्त्व नाही. तुम्ही मनात काय भाकीत केलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, यातली तफावत मेंदू लक्षात ठेवतो. म्हणून विचारते, त्या दिवशी चढताना तुम्हाला नेमकं काय होईल असं वाटत होतं? बेशुद्ध पडेन? हृदय बंद पडेल? किंचाळेन? आणि त्यातलं काय झालं? तुमच्या प्रतिक्रियेत भीतीचं वर्णन भरपूर आहे, पण यातलं काही घडल्याचा उल्लेख नाही.

भाकीत कागदावर लिहायला सांगते ते यासाठी. लिहिलं नाही तर प्रवास संपल्यावर भीती चलाखी करते आणि म्हणते, "या वेळी थोडक्यात वाचलीस."

बेशुद्ध पडण्याची भीती तर जवळजवळ सगळ्यांनाच असते. शुद्ध हरपायला सहसा रक्तदाब घसरावा लागतो. घाबरल्यावर मात्र नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. म्हणून पॅनिकमध्ये, म्हणजे भीतीच्या अचानक झटक्यात, चक्कर आल्यासारखं वाटतं, पण कोसळणं विरळा. रक्त किंवा सुई पाहून घाबरणाऱ्यांचं वेगळं असतं, त्यांचा दाब खरंच घसरू शकतो. आणि उपाशीपोटी, उकाड्यात, तासभर उभं राहून भोवळ येणं हा शरीराचा मामला आहे. तेव्हा बसायला जागा मागावी, संकोच करू नये. छातीत असं दुखणं पहिल्यांदाच होत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावं. ब्लॉग नंतर वाचावा.

श्वासाचं म्हणाल तर तुम्हाला चक्कर आली यात नवल नाही. घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. त्यावर आणखी मोठे श्वास म्हणजे आगीत तेल. घ्यायचाच तर श्वास सावकाश आणि लहान, सोडणं लांबवून. तेही 'हे केलं नाही तर मरेन' म्हणून नव्हे. पॅनिकच्या उपचारातून श्वासाचे व्यायाम वगळले तर काय होतं हे 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासलं होतं. त्या व्यायामांमुळे ठळक जास्तीचा फायदा दिसला नाही.

टेकूंवरचा तुमचा राग मला समजतो. बाटलीत वाईट काही नाही. तहान लागली की पाणी प्यावं. बाटली घरी राहिली म्हणून तुम्ही फलाटावरून परत फिरता का, एवढंच मी विचारते. मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्स्किस यांनी 1991 मध्ये या सवयींवर नेमकं बोट ठेवलं. दांडा घट्ट धरून ठेवल्यामुळे 'मी पडले नाही' याचं श्रेय दांड्याला जातं, आणि आपण तशाही पडलो नसतो हे कळायची संधीच मिळत नाही. वेस्टफाल यांच्या रुग्णांनाही हातातल्या काठीने धीर यायचा. काठी एकदम हिसकावून घ्या असं मी म्हणत नाही. सुरुवातीला सगळं जवळ ठेवा, मग एकेक कमी करा. कोणती आधी, ते तुम्ही ठरवा.

तुमच्या त्या प्रवासात माझ्या मते एकच गोष्ट जड गेली, तो तुमच्या ताकदीपेक्षा फार मोठा होता. ऐन गर्दी, पूर्ण मार्ग, तोही पहिल्याच दिवशी. माझ्या सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग होता, कुठे उतरायचं ते चढण्याआधी ठरवा. एकच स्टेशन ठरवलंत तर एकाच स्टेशनला उतरा, अगदी घाबरलेल्या अवस्थेत उतरलात तरी चालेल. बेत तुमचा होता ना! भीतीने दाराकडे ढकललं म्हणून उतरणं वेगळं आणि ठरलं होतं म्हणून उतरणं वेगळं. ठरलेल्या स्टेशनाआधी उतरावंच लागलं, तर घरी न जाता फलाटावर बसा आणि जमलं तर पुढची गाडी पकडून ठरलेल्या ठिकाणापर्यंत जा.

पर्समधल्या गोळीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय. झटपट शांत करणाऱ्या गोळीच्या अंमलाखाली केलेल्या, भीतीला सामोरं जाण्याच्या सरावातून शिकणं कमी होऊ शकतं, कारण पुन्हा श्रेय गोळीला जातं. पण म्हणून ती मनाने बंद करू नका. रोज घेत असाल तर अचानक थांबवणं धोक्याचं असतं. सराव करायचा बेत आहे हे तुमच्या डॉक्टरांना सांगा आणि त्यांना ठरवू द्या.

सोमवारपासून पुन्हा त्याच ट्रेनने जायचंय, असं तुम्ही लिहिलंत. शक्य असेल तर त्याआधी रविवारी, गर्दी नसताना, एकच टप्पा करून बघा. खिडकीजवळ बसा, दाराजवळ नको, डोळे उघडे ठेवा. पुढच्या खेपेला वेळ, जागा, मार्ग यातलं काहीतरी बदला. सोमवारी कामावर जाणं हा सराव मानू नका. त्या दिवशी हेडफोन लावा, बाटली घ्या, कशीही पोचा. आणि चढण्याआधी लिहिलेलं ते भाकीत वाटलं तर इथे प्रतिक्रियेत टाका, खाली काय घडलं तेही.