‘खेळणं आहे ते’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, लगेच उत्तर टाकणार होतो पण म्हणलं घाईत लिहायला नको, माणसानं तीन दिवस पाण्यावर घालवून मग लिहिलंय. जे वाचक आत्ता आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझा फिश फाइंडरवरचा (पाण्याखालचे मासे आणि तळ आवाजानं ओळखून स्क्रीनवर दाखवणारं मशीन) लेख वाचून दादांनी मशीन घेतलं, काळम्मावाडी धरणावर होडीतून तीन दिवस बसले, स्क्रीनवर मासेच मासे आणि गळाला एक नाही. एकदा तर हातभर लांब रेघ दिसली, हा दहा किलोचा कटला असणार म्हणून तासभर तिथंच गळ सोडून बसले, काही नाही. त्यांचं म्हणणं असं की हे खेळणं आहे, त्यांचे वडील दोरीला शिसं बांधून तळ ओळखायचे त्याची सर याला नाही, आणि चाललं असतं तरी असल्या मशीननं धरणं रिकामी होतील.

पहिली चूक माझी आहे आणि ती स्पष्ट कबूल करतो. मूळ लेखात मी मशीन कसं जोडायचं ते लिहिलं, स्क्रीन कशी वाचायची ते दोन ओळीत उरकलं. तुमचे तीन दिवस त्यामुळं गेले. म्हणून आता सविस्तर लिहितो, लांब होईल, पण तुमच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर यात आहे.

आधी ती स्क्रीनवरची माशांची चित्रं. तुमच्या मशीनमध्ये फिश आयडी म्हणून एक सेटिंग चालू असणार, कारखान्यातून तसंच येतं बऱ्याच वेळा. ते पहिलं बंद करा. मशीनला मासा दिसत नाही, त्याला फक्त आवाज परत आलेला कळतो, आणि मधल्या पाण्यातून कशाचाही आवाज परत आला की ते तिथं माशाचं चित्र चिकटवतं. धरणाच्या तळाला काय काय कुजत असतं, बुडालेली झाडं, पालापाचोळा, त्यातून गॅसचे बुडबुडे सुटतात, त्याचेपण मासे होतात. बुडालेल्या झाडाची फांदी असेल तर तिचेपण. सेटिंग बंद केलं की बुडबुडे तुम्हाला खालून वर जाणारी बारीक तिरकी रेघ म्हणून दिसतील, फांदी तळाला चिकटलेली दिसेल, आणि दोन दिवसात डोळ्याला फरक कळायला लागेल. हवा आणि पाणी यांचा आवाजाला लई मोठा फरक पडतो, माशाच्या पोटात हवेची पिशवी असते तिच्यावरूनच माशाचा बराचसा आवाज परत येतो, म्हणून बुडबुडा आणि मासा मशीनला सारखे वाटतात.

आता ती हातभर लांब रेघ. दादा, रेघेची लांबी म्हणजे माशाची लांबी नव्हे. स्क्रीन उजवीकडून डावीकडं सरकत असते, अगदी उजव्या कडेला जे उमटतं ते आत्ताचं, त्याच्या डावीकडचं सगळं होऊन गेलेलं. होडी थांबलेली असेल आणि खाली एखादा मासा जागच्या जागी उभा असेल तर तो जितका वेळ उभा तितकी रेघ लांब होत जाते. वीतभर चिलापीपण दोन मिनिटं थांबली तर हातभर रेघ काढते. आकाराचा अंदाज रेघेच्या जाडीवरून आणि रंग किती गडद आहे त्यावरून घ्यायचा, आणि तोही अंदाजच, कारण मशीन खाली सोडतं त्या आवाजाच्या झोताच्या कडेला मासा असला तर मोठा असूनपण फिकट दिसतो. इंटरनेटवर जे धनुष्यासारखे बाक दाखवतात ना, ते होडी चालत असताना येतात, मासा कडेनं झोतात शिरतो तेव्हा अंतर जास्त, बरोबर खाली आला की कमी, बाहेर पडताना परत जास्त, म्हणून बाक. उभ्या होडीतून सरळ खाली गळ सोडणाऱ्यानं बाक शोधतच बसायचं नाही.

झोत म्हणलं, तर मूळ सगळं इथंच आहे. मशीनचा जो भाग पाण्यात सोडतो त्या सेन्सरमधून आवाज बॅटरीच्या उजेडासारखा पसरत खाली जातो. मशीनवर आवाजाची फ्रिक्वेन्सी निवडता येते, २०० किलोहर्ट्झला साधारण २० अंशाचा झोत धरला, मॉडेलप्रमाणं कमीजास्त असतं, तर २० मीटर खोलीला तो तळाला ७ मीटर रुंद होतो. म्हणजे खोलीच्या साधारण एक तृतीयांश. तुम्हाला स्क्रीनवर दिसलेला मासा त्या ७ मीटरच्या वर्तुळात कुठंही असू शकतो, पुढं, मागं, डाव्या अंगाला, मशीन ते सांगत नाही, सगळे एकाच उभ्या रेघेत आणून ठेवतं. ८३ किलोहर्ट्झ लावलं आणि झोत ६० अंशाचा झाला तर तेच वर्तुळ २३ मीटर होतं, त्यात मासे भरपूर दिसणार आणि तुमच्या गळाजवळ एकपण नसणार. तुम्ही लिहिलंय की जास्त मासे दिसावेत म्हणून रुंद झोत ठेवला होता. सरळ खाली सोडायच्या मासेमारीला अरुंदच ठेवा. कमी दिसलं तरी चालेल, जे दिसेल ते गळाच्या आसपासचं पाहिजे.

दुसरं म्हणजे सेन्सर. तुम्ही तो होडीच्या मागच्या बाजूला दोरीनं लोंबता सोडला होता आणि स्वतः पुढच्या टोकाला बसला होता. होडी हलली की सेन्सर तिरका, सेन्सर तिरका की झोत तिरका. एका सरळ काठीला नाहीतर पाइपला घट्ट बांधा, तोंड बरोबर खाली, पाण्यात वीतभर, आणि गळ त्याच्या अगदी शेजारी सोडा. ५ मीटर पाण्यात झोत मधून सगळ्या बाजूला जेमतेम मीटरभर जातो, तुम्ही तीन मीटर लांब बसलात तर गळ दिसायचाच नाही.

आणि वारा. २० अंशाचा झोत म्हणजे मधून दोन्हीकडं १० अंश. वाऱ्यानं होडी सरकली, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) १० अंश तिरका झाला की आमिष झोताच्या बाहेर गेलं. डोळ्याला १० अंश काहीच वाटत नाही! तंगूस पाण्यात शिरतो तिथं बघत राहायचं, तिरका व्हायला लागला की शिसं जड लावायचं नाहीतर होडी वल्ह्यानं हळूच त्याच्यावर आणायची. मी १५ ते २० मीटरला वारा नसताना २० ग्रॅम लावतो, वारा असला तर ३० आणि वर. जाड तंगूस पाण्यात जास्त ओढला जातो, म्हणून बारीक विणलेली लाईन घेतली तर फरक पडतो.

हे सगळं जमलं की काय दिसतं ते सांगतो. मागच्या डिसेंबरात सकाळी, धुकं अजून पाण्यावर होतं, जुन्या नदीपात्राच्या काठावर होडी धरली होती. तळ १७ मीटरला, जाड आणि गडद. माझं आमिष, ताज्या मासळीचा तुकडा, १५ मीटरला, आणि मी हात वरखाली करेन तसं स्क्रीनवर बारीक नागमोडी रेघ उमटत होती. मग तळाची एक बारीकशी फुगवटी सुटली आणि वर यायला लागली. तिरकी रेघ, १६ मीटर, साडेपंधरा, माझ्या आमिषाच्या खाली येऊन आडवी झाली. मी हात थांबवला आणि ती रेघ तशीच परत खाली गेली. पाच मिनिटांनी परत आली. या वेळी मी थांबवलं नाही, आमिष हळूहळू वीतभर वर उचललं, रेघपण वर आली, परत वीतभर उचललं, आणि रॉडचं टोक खाली गेलं. शिंगाळा होता, दोन किलोच्या आसपास. मासा मशीननं पकडून दिला नाही दादा, पण पळणाऱ्या आमिषामागं तो येतो आणि थांबलेलं सोडून देतो हे त्या सकाळी मला डोळ्यांनी बघायला मिळालं, एरवी मला ते कळायला किती वर्षं लागली असती. तेव्हापासून आमिष नेहमी माशाच्या वर अर्धा मीटर ठेवतो, खाली कधीच नाही, वरचं त्याला दिसतं.

उतारावर मात्र एक धोका आहे. झोताची एक बाजू उथळ भागाला आधी लागते, मशीन तोच तळ समजतं, आणि खोल बाजूला तळालगत बसलेला मासा त्या तळाच्या रंगात बुडून जातो. काठ तीव्र असेल तर स्क्रीन रिकामी दिसली तरी गळ तळापर्यंत सोडून बघाच.

आता वडिलांचं शिसं. इथं मी तुमच्याशी वाद घालणारच नाही. दोरी हाताला लावून शिसं टेकल्यावर टक् झालं म्हणजे खडक, बसल्यासारखं झालं आणि उचलताना चिकटलं म्हणजे गाळ, हे ज्याच्या हाताला कळतं त्याला तळ कळतो. मशीन तेच करतं, हाताऐवजी आवाजानं. आवाज पाण्यात सेकंदाला साधारण १४८० मीटर जातो, २० मीटरवरून परत यायला २७ मिलिसेकंद लागतात, त्या वेळावरून खोली काढायची, एवढंच. तळ कडक असेल तर आवाज इतका जोरात परत येतो की पाण्याच्या पृष्ठभागाला आपटून परत खाली जातो आणि स्क्रीनवर दुप्पट खोलीला दुसरा तळ दिसतो. ३० मीटर पाणी नसताना ३० ला रेघ दिसली म्हणून तुम्ही मशीन खराब आहे म्हणालात ना, ती हीच. म्हणजे तिथं १५ मीटरला खडक नाहीतर मुरूम होता, वडिलांचं शिसं टक् वाजलं असतं ती जागा. तळ मोजायलाच हा आवाजाचा उपयोग आधी जहाजावर व्हायचा, जपानच्या फुरुनो भावांनी १९४८ साली त्यातून मासे शोधायचं मशीन बाजारात आणलं.

आणि वडिलांच्या पद्धतीतली एक गोष्ट मशीनपेक्षा मोठी आहे, त्यांना जमीन माहीत होती. मे महिन्यात पाणी खाली जातं तेव्हा धरणावर नुसता फेरफटका मारून या, गळ न घेता. बांध, जुनी भिंत, झाडांची खोडं, दूधगंगेकडं उतरणारे ओढे, सगळं उघडं पडलेलं असतं. फोनवर जागा मार्क करून ठेवा. थंडीत त्याच जागा खोल पाण्याखाली असतात आणि मग स्क्रीनवरची फुगवटी खोड आहे का बांध आहे हे तुम्हाला माहीत असतं.

धरण रिकामं व्हायचा मुद्दा मला मनापासून पटतो, म्हणजे त्यातली काळजी पटते. एक माणूस एक गळ, यानं जाळ्यासारखं नुकसान होत नाही. पण खोलवरून मासा वर काढणं आणि सोडून देणं हे वाटतं तेवढं पुण्याचं काम नाही. १० मीटर खाली पाण्याचा दाब वरच्या दुप्पट असतो, तिथून मासा भसकन वर आणला की पोटातली हवेची पिशवी दुप्पट फुगते. रोहू, कटला, खडस (महसीर), शिंगाळा यांची पिशवी घशाकडं नळीनं जोडलेली असते, ते हवा तोंडावाटे सोडू शकतात. चिलापीला ती नळी नसते, पोट तोंडातून बाहेर येतं, डोळे वर येतात, सोडली तरी उलटी तरंगते. म्हणून खोल पाण्यात मी मोजून मासे काढतो, घरात लागतील तेवढे झाले की रॉड गुंडाळला. खडस लागला तर पाण्याबाहेर फोटोला न धरता होडीच्या कडेलाच गळ काढून सोडतो. आणि जिथं पाणी मच्छीमार संस्थेला ठेक्यानं दिलेलं असतं तिथं त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकायचा नाही, राधानगरीच्या बाजूला अभयारण्याची हद्द आहे तिकडं तर विषयच नको. लाईफ जॅकेट घाला, हे मूळ लेखात राहून गेलं होतं.

तुम्ही मशीन विकायचं म्हणताय. तुमची वस्तू आहे, पण एक सकाळ मला द्या. दिवाळीनंतर पाणी स्थिर झालं की एखाद्या रविवारी जाऊया, होडी मी ठरवतो. येताना वडिलांची दोरी आणि शिसं आणा. पहिल्यांदा तेच सोडायचं, सेन्सरच्या शेजारून, सरळ खाली. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे परत आलेला किती बारीक आवाज स्क्रीनवर दाखवायचा ते सेटिंग, ऑटोवरून काढून हातानं हळूहळू वाढवत जायची, जोपर्यंत शिसं उतरताना एक तिरकी रेघ स्पष्ट दिसत नाही तोपर्यंत. मग तुम्ही डोळे मिटून दोरी धरा आणि तळ कसा लागला ते सांगा, मी स्क्रीन बघून सांगतो.